संधिप्रकाशातील दुर्बीण : उजेड किती, ओळख किती?

दुर्बिणीतून पाहिले की लांबची वस्तू मोठी दिसते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती अधिक उजळही दिसते का? हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहावा. बहुतेक हात 'हो' म्हणून वर जातील. कारणही सरळ वाटते. डोळ्याची बाहुली काही मिलिमीटरची आणि दुर्बिणीचे पुढचे भिंग चांगले चार-पाच सेंटिमीटरचे. मोठ्या भिंगातून जास्त प्रकाश आत शिरतो, तेव्हा चित्र जास्त उजळ असणारच!

हे उत्तर चूक आहे. का चूक आहे, हे समजण्यासाठी आपण एक नेमके उदाहरण घेऊ. मध्य युरोपातील शिकारी कातरवेळी आणि चांदण्यात वापरतात ती रायफलवरची दुर्बीण. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार बंद केली, त्यामुळे असे उपकरण आपल्या वाचकांच्या हाती येण्याचा संभव नाही. पण पक्षिनिरीक्षणाची दुर्बीण आणि रायफलवरची दुर्बीण यांचे प्रकाशशास्त्र एकच. फरक इतकाच, की पक्षिनिरीक्षकाने पक्षी चुकीचा ओळखला तर वहीतली नोंद चुकते; शिकाऱ्याने प्राणी चुकीचा ओळखला तर ती चूक खोडता येत नाही. म्हणूनच मंद प्रकाशातील दुर्बिणीची पारख कशी करावी, हा प्रश्न तिथे फार गंभीरपणे विचारला जातो.

मचाणावरचा प्रश्न

जर्मनीत रानडुक्कर दिवसा दाट झाडीत दडून राहते आणि अंधार पडू लागला की मक्याच्या व बटाट्याच्या शेतांत उतरते. शिकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेला असतो. तो शेताच्या कडेला लाकडी मचाणावर बसून वाट पाहतो. जर्मनीच्या शिकार कायद्यात 'रात्र' म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे. सूर्यास्तानंतर दीड तासाने रात्र सुरू होते आणि सूर्योदयापूर्वी दीड तास संपते. या वेळात हरणांसारख्या खुरवाल्या प्राण्यांची शिकार करायला मनाई आहे. रानडुकराला मात्र त्यातून वगळले आहे. २०२० च्या सप्टेंबरात जर्मनीतील रानडुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर या रोगाची पहिली नोंद झाली आणि डुकरांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा प्रश्न अधिकच निकडीचा झाला.

पण याच कायद्यात दुसरेही एक कलम आहे. पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत त्यांना वाढवणाऱ्या आईबापांना मारता येत नाही. हा नियम रानडुकरालाही लागू आहे, आणि तो मोडणे गुन्हा आहे. आता मचाणावरच्या माणसाची अडचण पाहा. ऐंशी मीटरवर एक काळा ढिगारा हलतो आहे. तो एकटा नर आहे, की गवतात बुडालेली पिल्ले बरोबर असलेली डुकरीण? की ते डुक्करच नाही, शेजारच्या वाडीवरचा मोठा कुत्रा आहे? 'काहीतरी आहे' इतके दिसणे पुरेसे नाही. 'काय आहे' हे ओळखता आले पाहिजे. नाही आले तर चाप ओढायचा नाही. तेव्हा दुर्बिणीची कसोटी 'उजेड किती' ही नसून 'ओळख किती' ही आहे.

दोन आकडे आणि एक चकती

दुर्बिणीवर ८×५६ असे काहीतरी कोरलेले असते. पहिला आकडा विशालन. म्हणजे वस्तू ८ पट मोठी, किंवा ८ पट जवळ आल्यासारखी दिसते. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जर्मनी आणि ऑस्ट्रियात मचाणावरच्या शिकारीसाठी ८×५६ ही जोडी दीर्घकाळ मानाची राहिली आहे.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की तिसरी, सर्वांत उपयोगी राशी मिळते. ५६ भागिले ८ म्हणजे ७. डोळ्याकडच्या भिंगातून, म्हणजे नेत्रिकेतून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास ७ मि.मी. असतो. दुर्बीण उजेडाकडे रोखून हातभर लांब धरली तर नेत्रिकेत एक तेजस्वी गोल टिकली दिसते, तीच ही. भौतिकीच्या पुस्तकांत तिला रॅम्सडेनची चकती असेही म्हणतात. आपण तिला प्रकाशचकती म्हणू. वस्तुभिंगातून आत आलेला सगळा प्रकाश बाहेर पडताना या चकतीतून जातो. डोळ्याची बाहुली नेमकी या चकतीपाशी आणायची असते. रायफल उडताना मागे धक्का देते, म्हणून तिच्यावरच्या दुर्बिणीत ही चकती नेत्रिकेपासून सुमारे ९ सें.मी. मागे पडेल अशी रचना करतात. नाहीतर पहिल्याच बाराला भुवई फुटायची!

उजेड वाढत का नाही?

समजा, पाहणाऱ्याची बाहुली अंधारात ७ मि.मी. उघडली आहे आणि त्याने ८×५६ डोळ्याला लावली आहे. वस्तुभिंगाचा व्यास बाहुलीच्या ८ पट, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ ६४ पट. तेव्हा झाडाच्या एका बुंध्याकडून येणारा प्रकाश नुसत्या डोळ्यापेक्षा ६४ पट अधिक गोळा झाला. इथपर्यंत विद्यार्थ्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण पुढे काय होते? बुंध्याचे चित्र दृष्टिपटलावर ८ पट रुंद आणि ८ पट उंच पडते, म्हणजे तेही ६४ पट क्षेत्रफळावर पसरते. चौसष्ट पट लोणी चौसष्ट पट मोठ्या भाकरीवर लावले, तर थर तेवढाच राहतो. दृष्टिपटलाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश जितका होता तितकाच राहिला. शिवाय भिंगांनी थोडा प्रकाश खाल्लाच, म्हणजे चित्र उघड्या डोळ्यापेक्षा किंचित मंदच झाले.

बाहुलीहून प्रकाशचकती मोठी असली तर? समजा ४×३२ ची दुर्बीण आहे. तिची चकती ८ मि.मी. ची. ७ मि.मी. च्या बाहुलीत ती मावत नाही. कडेचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. (एक सोय मात्र होते. डोळा किंचित इकडेतिकडे सरकला तरी चित्र नाहीसे होत नाही.) चकती बाहुलीहून लहान असली, तर चित्र स्पष्टपणे मंद होते. चकतीचा व्यास निम्मा झाला की उजळपणा चौथाईवर येतो. तेव्हा नियम असा : पसरट वस्तूचे चित्र कोणतीही दुर्बीण उघड्या डोळ्यापेक्षा अधिक उजळ करू शकत नाही. फार तर तेवढेच राखू शकते. 'अंधारात उजेड करणारी दुर्बीण' असे कोणी म्हणत असेल, तर तो भिंगांच्या बळावर न होणारी गोष्ट सांगत आहे. पुढे बसवायची इलेक्ट्रॉनिक रात्रदर्शी उपकरणे हा वेगळा विषय आहे. जर्मनीत २०२० मध्ये शस्त्रविषयक कायदा बदलल्यावर शिकाऱ्यांना ती वापरण्याची वाट मोकळी झाली. प्रत्यक्ष परवानगी राज्याराज्याच्या नियमांवर अवलंबून असते.

मग फायदा कशाचा?

असे असेल तर संध्याकाळी दुर्बिणीतून खरोखरच जास्त दिसते, हा अनुभव खोटा म्हणायचा का? नाही. त्याचे उत्तर दुर्बिणीत नसून डोळ्यात आहे.

दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. शंकुपेशी काही दशलक्ष असतात. त्या भरपूर उजेडात काम करतात, रंग आणि बारकावे दाखवतात. दंडपेशी त्यांच्याहून कितीतरी अधिक, सुमारे दहा कोटी. त्या अंधुक प्रकाशात काम करतात. दंडपेशी अतिशय संवेदनशील असल्या तरी अनेकींचा संदेश एकत्र होऊन पुढे जातो. गावच्या सभेत शंभर जणांचा मिळून एकच आवाज पोचावा तसे हे आहे. आवाज मोठा होतो, पण कोण काय म्हणाले ते कळत नाही. म्हणून उजेड कमी झाला की नुसते चित्र मंद होत नाही, तर डोळ्याची बारकावा टिपण्याची शक्तीच घटते. चांगल्या उजेडात निरोगी डोळा कोनाच्या एका मिनिटाएवढे अंतर वेगळे पाहू शकतो. १०० मीटरवर हे अंतर सुमारे २९ मि.मी. होते. चांदण्यात हेच अंतर कित्येक पटींनी वाढते. डुकराचे कान, शेपटी, पायांशी घुटमळणारी पिल्ले ही सगळी चिन्हे एका काळ्या डागात विरघळून जातात.

दुर्बीण इथे मदत करते. ती उजेड वाढवत नाही, पण तेवढ्याच उजेडातले चित्र मोठे करते. जाड झालेल्या डोळ्याच्या चाळणीतून बारीक दाणे निसटत होते. दुर्बीण दाणेच मोठे करून देते. म्हणजे मंद प्रकाशात दुर्बिणीकडून दोन गोष्टी हव्यात : चित्र मोठे व्हावे आणि मोठे होताना ते मंद होऊ नये. या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध ओढतात, आणि पारख म्हणजे या ओढाताणीतला तोल पाहणे.

संधिप्रकाशांकाची फसगत

हा तोल एका आकड्यात बसवण्यासाठी माहितीपत्रकांत 'संधिप्रकाशांक' दिलेला असतो. विशालन आणि वस्तुभिंगाचा व्यास यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढायचे. काही उदाहरणे पाहू :

४×३२ : चकती ८ मि.मी., संधिप्रकाशांक ११.३
६×४२ : चकती ७ मि.मी., संधिप्रकाशांक १५.९
८×५६ : चकती ७ मि.मी., संधिप्रकाशांक २१.२
१२×५६ : चकती ४.७ मि.मी., संधिप्रकाशांक २५.९

पहिल्या तीन ओळींपुरता आकडा शहाणपणाने वागतो. पण आता १५×३० ची एक दुर्बीण घेऊ. १५ गुणिले ३० म्हणजे ४५०, वर्गमूळ २१.२. हुबेहूब ८×५६ इतकाच संधिप्रकाशांक! प्रत्यक्षात तिची चकती अवघी २ मि.मी. ची. ७ मि.मी. बाहुलीच्या माणसाला तिच्यातले चित्र ८×५६ च्या तुलनेत सुमारे बारापट मंद दिसेल. कारण साडेतीनचा वर्ग सव्वाबारा. कातरवेळी ती डोळ्याला लावून काही हाती लागणार नाही. याचा अर्थ सूत्र खोटे आहे असा नाही. चकती पुरेशी मोठी असलेल्या दुर्बिणींची आपापसांत तुलना करण्यासाठी ते ठीक आहे. त्या मर्यादेबाहेर ओढले की फसवते. शिवाय या सूत्रात काचेचा दर्जा कुठेच येत नाही. सामान्य काच आणि उत्तम काच, दोघींचा संधिप्रकाशांक सारखाच निघतो. गणितात बरोबर आलेले उत्तर भौतिकीत निरर्थक कसे ठरू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

बाहुलीचे वय

आतापर्यंत आपण ७ मि.मी. ची बाहुली गृहीत धरली. ती तरुण माणसाची. वय वाढते तशी अंधारात बाहुली कमी उघडते. साठीच्या सुमारास ती ५ मि.मी. पर्यंतच उघडणे सर्वसामान्य आहे. व्यक्तीव्यक्तीत फरक असतोच. आता ८×४२ आणि ८×५६ या दोन दुर्बिणी साठीच्या शिकाऱ्यासमोर ठेवा. पहिलीची चकती ५.२५ मि.मी., दुसरीची ७ मि.मी. त्याच्या बाहुलीत ५ मि.मी. पलीकडचे काही शिरतच नाही. दोन्ही दुर्बिणी त्याला सारख्याच उजळ दिसतील. मोठ्या भिंगासाठी दिलेले पैसे आणि रायफलवर वाढलेले वजन, दोन्ही वाया!

पण इथे एक बारकावा आहे. त्याने ५६ मि.मी. च्याच भिंगावर विशालन वाढवले तर? ५६ भागिले ५ म्हणजे ११.२. सुमारे ११ पट विशालनापर्यंत त्याच्या डोळ्याला चित्राचा उजळपणा कमी होणार नाही, आणि चित्र मात्र मोठे होईल. ४२ मि.मी. च्या भिंगावर ही मर्यादा ८.४ लाच येते. म्हणजे मोठ्या भिंगाचा लाभ त्याला उजेडाच्या रूपाने नव्हे, तर विशालनाच्या रूपाने मिळेल. विशालन बदलता येणारी दुर्बीण असेल तर संध्याकाळी किती पटींवर ठेवावी, याचा साधा हिशेब यातून निघतो. वस्तुभिंगाचा व्यास भागिले आपल्या स्वतःच्या बाहुलीचा व्यास. दुकानातला विक्रेता हा आकडा सांगू शकणार नाही, कारण भागाकारातला खालचा आकडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यात असतो.

काचेत हरवणारा प्रकाश

आता काचेचा दर्जा. प्रकाश हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत जातो तेव्हा साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. रायफलवरच्या दुर्बिणीत वस्तुभिंग, उलटे चित्र सुलटे करणारी भिंगे आणि नेत्रिका मिळून हवेला लागून असलेले १२ पृष्ठभाग सहज होतात. ०.९६ चा बारावा घात ०.६१. म्हणजे १०० पैकी ६१ भागच प्रकाश डोळ्यापर्यंत पोचला. १९३५ मध्ये जर्मनीतील त्साइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन घटवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. एका थराने परावर्तन दीड टक्क्यावर आले असे धरले तर १२ पृष्ठभागांतून ८३ टक्के प्रकाश जातो. अनेक थर चढवून ते अर्ध्या टक्क्यावर आणले तर ९४ टक्के. काच स्वतः थोडा प्रकाश शोषते तो वेगळा. आजच्या उत्तम दुर्बिणींचे निर्माते ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वर पारगमन सांगतात.

मग ८० ऐवजी ९० टक्क्यांची दुर्बीण घेतली तर शिकाऱ्याला किती वेळ अधिक मिळेल? हा हिशेब करण्याजोगा आहे. आकाश स्वच्छ असताना सूर्यास्ताच्या क्षणी जमिनीवर सुमारे ४०० लक्स प्रकाश असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की तो सुमारे ३.४ लक्सवर येतो. म्हणजे जवळजवळ ११८ पट घट. जर्मनीच्या अक्षांशावर याला साधारण ३५ मिनिटे लागतात. चक्रवाढीच्या रीतीने पाहिले तर दर मिनिटाला सुमारे १३ टक्के उजेड कमी होतो. ८० वरून ९० म्हणजे प्रकाशात साडेबारा टक्के वाढ. याचा अर्थ, या महाग काचेने मिळवलेला जादा वेळ जेमतेम एक मिनिट! पुण्याच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो आणि हाच संधिप्रकाश सुमारे २२ मिनिटांत संपतो. तिथे हा लाभ अर्ध्या मिनिटावर येईल. याउलट ८ पट विशालनावर ४२ ऐवजी ५६ मि.मी. चे भिंग घेतले तर प्रकाश १.७८ पट होतो, म्हणजे जर्मनीत सुमारे ४ मिनिटे. अर्थात बाहुली ७ मि.मी. उघडत असेल तरच.

९० आणि ९२ टक्क्यांच्या वादाला तर फारसा अर्थच उरत नाही. भरपूर उजेडात डोळ्याला एक-दोन टक्क्यांचा फरक कळतो. मंद उजेडात उजळपणात दहा टक्क्यांहून अधिक फरक पडल्याशिवाय तो जाणवतही नाही.

तरीही चांगल्या थरांचे महत्त्व आहे, पण ते दुसऱ्या कारणासाठी. परत फिरलेला प्रकाश कुठे जातो? तो भिंगाभिंगांमध्ये आणि नळीच्या भिंतींवर आपटत राहतो, आणि त्यातला काही भाग शेवटी डोळ्यात येतो. चित्रावर पातळ दुधाळ पडदा पसरतो. करड्या पार्श्वभूमीवरचा काळा डाग करडा होतो, आणि करड्यावर करडे ओळखायचे कसे? हरवलेल्या प्रकाशापेक्षा भरकटलेला प्रकाश अधिक घातक. नळीच्या आतला काळा रंग, आतली अटकाव-कडी आणि भिंगांच्या कडांची काळजी यांवर चांगला कारखाना खर्च करतो. माहितीपत्रकात मात्र त्याचा आकडा नसतो.

रंगाचाही विचार करावा लागतो. दिवसा डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला, सुमारे ५५५ नॅनोमीटरला, सर्वाधिक प्रतिसाद देतो. अंधारात हा कळस सुमारे ५०७ नॅनोमीटरवर, निळसर हिरव्याकडे सरकतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८२५ मध्ये नोंदवलेला हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. संध्याकाळी बागेतली लाल फुले काळी पडतात आणि पाने उजळ वाटतात, ते यामुळेच. म्हणून पिवळसर झाक असलेली दुर्बीण दिवसा चित्र खुलवत असली, तरी रात्री ती नेमका हवा तोच निळसर प्रकाश अडवते.

फुली दिसली पाहिजे

रायफलवरच्या दुर्बिणीत नेम धरण्यासाठी तारांची फुली असते. दुर्बिणीत जिथे प्रत्यक्ष प्रतिमा तयार होते त्या प्रतलात ती बसवतात. ही युक्ती सतराव्या शतकात विल्यम गॅसकॉइन या इंग्रज खगोलनिरीक्षकाला सुचली. केसासारखी बारीक फुली दिवसा सुरेख दिसते, पण अंधारात काळ्या डुकरावर काळी तार दिसेनाशी होते. म्हणून जर्मन पद्धतीच्या फुलीत डावी, उजवी आणि खालची भुजा जाड पट्टीसारखी असते. मधली बारीक फुली नाहीशी झाली तरी या तीन पट्ट्यांमधला मध्य डोळ्याला अंदाजाने सापडतो. आता पुष्कळ दुर्बिणींत मध्यावर लाल ठिपका उजळतो. लालच का? दंडपेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे अंधाराला सरावलेला डोळा त्यामानाने कमी बिघडतो. पण ठिपका अगदी मंद करता आला पाहिजे. भडक ठिपका त्याच्यामागचा प्राणीच झाकून टाकतो. फुली अचूक दिसते, पण ती कशावर आहे ते कळत नाही, ही सर्वांत धोक्याची स्थिती.

पारख कशी करावी?

या सगळ्यावरून दुर्बिणीच्या परीक्षेची रीत ठरवता येते. पहिला नियम सुरक्षिततेचा. परीक्षा करताना दुर्बीण रायफलवर चढवलेली नसावी. ती तिवईवर बसवावी. रायफलवरच्या दुर्बिणीतून जिकडे पाहू तिकडे नळी रोखली जाते. म्हणूनच मचाणावरही आधी हातातल्या साध्या दुर्बिणीने प्राणी ओळखायचा आणि मगच रायफल उचलायची, अशी शिस्त असते.

दुसरे, तुलना एकाच वेळी, एकाच विशालनावर आणि शेजारी शेजारी ठेवून करावी. काल एक आणि आज दुसरी दुर्बीण पाहून मत देणे व्यर्थ, कारण एका मिनिटात तेरा टक्के उजेड उतरतो. दुर्बिणींची नावे चिकटपट्टीने झाकावीत. महाग दुर्बीण कोणती हे कळले की डोळा तिच्या बाजूने साक्ष देऊ लागतो.

तिसरे, पाहणाऱ्याने निदान अर्धा तास अंधाराला सरावलेले असावे. शंकुपेशी साधारण दहा मिनिटांत सरावतात, दंडपेशींना अर्धा तास किंवा अधिक लागतो. मध्येच विजेरी लावली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

चौथे, 'छान दिसते' या शब्दांवर विसंबू नये. एका बाजूला फट असलेली कडी कागदावर काढावी. नेत्रतज्ज्ञ लँडोल्ट यांच्या नावाने ती ओळखली जाते. काळ्यावर पांढरे असे न काढता गडद करड्यावर फिकट करडे काढावे, कारण रानात तसेच असते. सहायकाने १०० मीटरवर ती कडी दर वेळी वेगळ्या दिशेला फिरवून धरावी आणि पाहणाऱ्याने फट वर, खाली, डावीकडे की उजवीकडे ते सांगावे. उत्तरे अंदाजपंचे होऊ लागली, म्हणजे चारांत एकच बरोबर येऊ लागले, की ती वेळ घड्याळात पाहून लिहावी. हीच त्या डोळ्याची आणि त्या दुर्बिणीची 'ओळखीची वेळ'.

पाचवे, मावळतीचे उजळ आकाश दृष्टिक्षेत्राच्या अगदी बाहेर राहील अशा बेताने झाडीच्या काळ्या कडेकडे दुर्बीण रोखावी. काळे काळेच राहते की दुधाळ होते, ते पाहावे. भरकटलेल्या प्रकाशाची परीक्षा यात होते.

सहावे, हे सर्व निदान तीन-चार वेगवेगळ्या वयांच्या माणसांकडून आणि दोन-तीन संध्याकाळी करून घ्यावे. एका डोळ्याचा निकाल हा त्या डोळ्याचा निकाल असतो.

वर्गासाठी

आपल्याकडे बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील जंगलांत पाणवठ्यांवर मचाण बांधून वन्यप्राण्यांची गणना होत आली आहे. तिथे बसणाऱ्याच्या हाती रायफल नसते, पण चांदण्यात प्राणी ओळखण्याचा प्रश्न तोच. पूर्ण चंद्राचा प्रकाश सुमारे पाव लक्सच असतो. अशा वेळी खिशात मावणाऱ्या १०×२५ च्या दुर्बिणीपेक्षा जुनी, जड ७×५० का बरी, हे आता विद्यार्थी सांगू शकतील.

शाळेत ८×४० सारखी साधी दुर्बीण असेल तर दोन प्रयोग करता येतील. (दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये; डोळा कायमचा जाऊ शकतो.) पहिला प्रयोग : दुर्बीण उजळ आकाशाकडे रोखून नेत्रिकेमागे पारदर्शी पातळ कागद धरा. कागद पुढेमागे करून प्रकाशाची टिकली रेखीव झाली की तिचा व्यास पट्टीने मोजा. तो ५ मि.मी. येतो का? वस्तुभिंगाचा व्यास भागिले टिकलीचा व्यास, यावरून कोरलेले विशालन खरे आहे का ते पडताळा.

दुसरा प्रयोग : जाड पुठ्ठ्याला मधोमध २४ मि.मी. चे भोक पाडून तो दुर्बिणीच्या एका वस्तुभिंगासमोर बसवा. आता त्या बाजूची चकती ३ मि.मी. झाली. भर दुपारी दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पाहा. उजळपणात फरक जाणवणार नाही, कारण उन्हात बाहुलीच दोन-तीन मि.मी. ची असते. हीच दुर्बीण सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने लावा. आता पुठ्ठ्याची बाजू स्पष्टपणे काळवंडलेली दिसेल. दुर्बीण तीच, भोक तेच; बदलली ती बाहुली.

आणि शेवटी विचार करण्यासाठी दोन प्रश्न. एका साठीच्या निरीक्षकाची बाहुली अंधारात ५ मि.मी. उघडते. त्याने कातरवेळेसाठी ७×५० घ्यावी की १०×५०? दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. पसरट वस्तू दुर्बिणीतून अधिक उजळ दिसत नाही असे आपण सिद्ध केले. मग उघड्या डोळ्यांना न दिसणारे असंख्य तारे दुर्बिणीतून दिसतात ते कसे? उत्तर शोधताना एकच गोष्ट लक्षात ठेवावी. ताऱ्याचे चित्र आठ पट मोठे केले, तरी ते ठिपकाच राहते.